होडीचं बूच आणि बेस गिटार

आमच्या घरात 'बेस' हा शब्द गिटारच्या कितीतरी आधीपासून होता. बाबांच्या तोंडी तो दिवसातून वीसदा यायचा. कालवण जमलं की बेस, फळी सरळ निघाली की बेस, लांबण लावणारा पाहुणा वेळेत उठून गेला तर फारच बेस. आमच्या आगरी बोलीत बेस म्हणजे चांगलं, ठीक, जमलं. त्यामुळे एकोणिसाव्या वर्षी मी जेवता जेवता जाहीर केलं, की मला बेस गिटार घ्यायची आहे, तेव्हा बाबांनी हातातला घास हातातच ठेवून शांतपणे विचारलं, "म्हंजे बाकीच्या गितारी वायट असतान?" आईला ठसका लागला. मी चिडले. तेव्हा मी फार पटकन चिडायचे. आताही चिडते, फक्त आता गुडघे दुखतात म्हणून तरातरा उठून जाता येत नाही. त्या दिवशी मात्र मी ताट तसंच ठेवून ओटीवर जाऊन बसले, आणि थोड्या वेळाने भूक लागली म्हणून परत आले. आईने फक्त माझ्या ताटातला गार झालेला भात काढून गरम वाढला, वर सुक्या जवळ्याचं कालवण घातलं आणि म्हणाली, "आता सांग, कसली ती गितार."

मग मी सांगितलं. चार जाड तारांची गिटार. गाण्यात वर जे नाचतं ते ती वाजवत नाही, खालून गाणं धरून ठेवते. ती वाजत असताना कुणाचं लक्ष जात नाही, पण थांबली की गाणं एकदम पोकळ होतं. इंग्रजीत त्या खालच्या आवाजाला बेस म्हणतात, त्याचा आपल्या बेसशी काही संबंध नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि खाली ठेवून म्हणाले, "सगल्यांना धरून ठेवते ना? मंग ती बेसच." त्यांच्यापुरता तो विषय तिथे मिटला.

खरं तर त्या आवाजाची ओढ मला त्यांनीच लावली होती, हे मला फार उशिरा कळलं. बाबा होड्या बांधायचे. नेरूळ गावाच्या खाडीकडच्या अंगाला आमचं घर, आणि घरामागे जरा उताराला त्यांची मोकळी जागा. तिथे कायम एखादी होडी पालथी पडलेली असायची. आम्ही तिला होरी म्हणायचो. लहानपणी दुपारी मी त्या पालथ्या होडीच्या आत शिरून बसायचे. बाहेरून बाबा दोन फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेलं सूत ठासत असायचे. लाकडी हातोड्याचा एकेक ठोका पडला की आत धम्म असा आवाज व्हायचा. तो कानाला नाही, पोटाला लागायचा. मी पोटावर हात ठेवून पुढच्या ठोक्याची वाट बघत बसायचे. सूत ठासून झालं की बाबा राळेचा आणि तेलाचा लेप द्यायचे, आणि मग बोट मुडपून मधल्या सांध्याने फळी न् फळी वाजवत सगळ्या होडीभोवती फिरायचे. कुठे आवाज बदलला की थांबायचे. डोळ्यांना न दिसणारी फट त्यांना तशी सापडायची. मी कॉलेजात जाईपर्यंत खाडीतली मिठागरं गेली, होड्यांची मागणी आटली आणि बाबा सेक्टरमधल्या नव्या बिल्डिंगांना दरवाज्याच्या चौकटी करून द्यायला लागले. चौकटीही ते बोटाने वाजवून बघायचे. गिऱ्हाईक हसायचं. ते हसू मला लागायचं, बाबांना लागायचं की नाही ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मी ज्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे तो घाडगेसरांचा. घाडगेसर दिवसा एका कंपनीत नोकरी करायचे आणि सुट्टीच्या दिवशी कीबोर्ड वाजवायचे. एका सोसायटीच्या हॉलमध्ये आमची तालीम चालायची. मी तिथे खरं तर कोरसमध्ये गायला गेले होते. त्यांचा बेसवाला नोकरी लागून आखातात गेला आणि तो वाजवायचा ती ऑर्केस्ट्राची गिटार कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी राहिली. एकदा चहाच्या सुट्टीत मी ती उचलली, वरची सगळ्यात जाड तार अंगठ्याने ओढली, आणि पोटात तोच धम्म झाला. त्यानंतर कोरसमध्ये मला कोणी पाहिलं नाही. दीड वर्ष मी रोज हॉलवर जाऊन त्या गिटारवर बोटं घासली. बोटांना आधी फोड आले, मग घट्टे पडले. आईने ते घट्टे बघून विचारलं होतं, "तू गितार वाजवतंस का वल्हं मारतंस?"

आणि मग घाडगेसरांनी नवा कीबोर्ड घेतला. जपानी, चकचकीत, आत शंभर वाद्यांचे आवाज. त्यांनी तालमीत तो उघडला, डावा हात खालच्या पट्ट्यांवर ठेवला, आणि माझा सगळा आवाज त्यांच्या डाव्या हातातून यायला लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या, कारण मला अजून कळलंच नव्हतं. तालीम संपल्यावर सर माझ्याजवळ आले. माणूस वाईट नव्हता, बोलताना त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं. "निमा, टेन्शन नको घेऊ, पण बघ ना, आता डावा हातच बेस मारतो. जुनी गिटार मी दिली विकून. तू परत कोरसमध्ये ये." मी म्हणाले, "सर, हॉलमध्ये भिंती आहेत म्हणून तुमचा डावा हात ऐकू येतो. मैदानात येणार नाही." हे मी कुठून म्हणाले देव जाणे, थोडंफार रागातच म्हणाले. सर हसले. "बरं. पुढच्या महिन्यात उरणला शाळेच्या पटांगणात शो आहे. अर्धा शो माझा डावा हात, अर्धा तू. सामान तुझं तू आण. मागच्या रांगेत तुझा बेस पोचला, तर तू कायम. नाही पोचला, तर कोरस. चालेल?" सगळे ऐकत होते. मी "चालेल" म्हणाले. माझ्याकडे तेव्हा गिटार नव्हती, अँप्लिफायर नव्हता, स्पीकर नव्हता. नुसतं तोंड होतं.

त्याच रात्री मी जेवताना ते बेस गिटारचं जाहीर केलं. पैशांचं रडगाणं मी इथे गाणार नाही. शिकवण्या घेतल्या, आईने भर घातली, झालं. खरा प्रश्न होता काय घ्यायचं हा, आणि तो सांगणारा माणूस आमच्या माहितीत एकच होता. मुश्ताकचाचा. मूळचे उरणचे, कोकणी मुसलमान, नेरूळ स्टेशनजवळच्या मार्केटात त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ, टेप, लाऊडस्पीकर, आणि कुठून कुठून आलेली जुनी वाद्यं. बाबा म्हणाले, मी पण येतो. मी म्हणाले, "बाबा, तू येऊन काय करशील?" आमच्यात बापाला अरेतुरेच करतात, त्यात अनादर नसतो. पण त्या वाक्यात थोडा होता, हे आता कबूल करते. बाबा म्हणाले, "लाकूर बघीन."

चाचांकडे तीन बेस होत्या. एक लालभडक, काचेसारखी चमकणारी, जवळजवळ नवी. एक काळी, बरी. आणि एक तपकिरी, जिचा रंग कोपऱ्यांवर खरवडून आतलं लाकूड दिसत होतं. मी लाल उचलली आणि आरशासमोर उभी राहिले. होय, चाचांच्या दुकानात आरसा होता आणि मी त्याच्यासमोर उभी राहिले. एकोणीस वर्षांच्या मुलीकडून दुसरी कसली अपेक्षा करता? लाल गिटार मला फार शोभत होती. बाबांनी ती माझ्या हातून अलगद घेतली, मागची बाजू डोळ्याशी धरली, एक डोळा मिटला आणि दांड्यावरून लांब बघितलं, होडीच्या तळाचं लांब लाकूड घेताना बघायचे तसंच. "वाकरी हाय," ते म्हणाले आणि खाली ठेवली. मग काळी उचलून अंगावर बोटाचा सांधा वाजवला. टक टक. "हिच्यान लाकूर नाय. भुसा दाबलाय." मग खरवडलेली तपकिरी घेतली. एक डोळा मिटून बघितली, वाजवली, कान लावून पुन्हा वाजवली. सगळ्या अंगावर आवाज एकसारखा येत होता. चाचा आपलं काम थांबवून बघत होते. ते मला म्हणाले, "अगे पोरी, लोक माझ्याकडे येतात, रंग बघतात, नाव बघतात. दांडा कुणी बघत नाय. तुझ्या बापाला ठेव इथं दुकानात." मी तपकिरी गिटार लावून जाड तार ओढली. आवाज थांबायचं नावच घेईना. लाल गिटारकडे मी जाताना एकदा वळून बघितलं, हे खरं आहे, पण घेतली तपकिरीच.

अँप्लिफायर निवडायला दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले, कारण त्यात लाकूड नव्हतं. तिथेही माझं मन आधी एका छोट्या, गोंडस अँपवर गेलं. त्याला पुढे बारा बटणं होती आणि आतच स्पीकर होता. चाचांनी मला हात धरून बाजूला केलं. "बटनं मोजू नको, ताकद बघ. ही गाणाऱ्या गिटारची पेटी. तुझी जाड तार हिच्यात घातलीस तर हिचा दम निघंल. वरच्या आवाजाला थोडी ताकद पुरते, खालच्या आवाजाला चौपट लागते. घरात कळत नाय, मोकळ्यात कळतं." त्यांनी फळीवरून एक लोखंडी धूड उतरवलं. लाऊडस्पीकरचा जुना अँप्लिफायर होता. तो उरणला मशिदीतल्या वाझला, म्हणजे प्रवचनालाही वाजला होता आणि कितीतरी गावांतल्या सत्यनारायणालाही. बटणं तीन. वजन इतकं, की दोघांनी धरावं लागलं. चाचांनी आतलं काही बदलून तो माझ्या गिटारजोगा करून दिला, आणि त्यासाठी पंधरा इंची एकच मोठा स्पीकर काढून दिला. फक्त स्पीकर, नुसता, बिनपेटीचा. "बॉक्स बाहेर मिळतात, पण दाबलेल्या भुशाचे. चार शोमध्ये खिळखिळे होतात, मग गाणं कमी आणि बॉक्स जास्त वाजतो. हा बॉक्स तुझ्या बापाकडून करून घे." आणि त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पानामागे मला नकाशा काढून दिला. पुढच्या फळीत स्पीकरसाठी एक मोठं गोल, आणि खाली कोपऱ्यात मुठीएवढं एक छोटं गोल. ते छोटं कशाला, मी विचारलं. "हवेला. आतला बेस त्याच्यातून बाहेर येतो. सगळे ठेवतात."

बाबांनी तो कागद भिंतीला लावला आणि कामाला लागले. त्या दिवसांत आमच्या घरामागे पुन्हा राळेचा वास यायला लागला. किती तरी महिन्यांनी येत होता. आई काही ना काही निमित्त काढून मागच्या दारी जायची आणि परत येताना गाणं गुणगुणत यायची. होडीसाठी ठेवलेल्या चांगल्या फळ्या बाबांनी काढल्या. मला त्यांनी जवळ येऊ दिलं नाही. "होरी बांधताना मधी मधी बघू नये," म्हणाले. मी पण तालमीत बुडाले होते. रोज लोखंडी धुडाला नुसताच हेडफोन लावून बोटं फिरवत बसायचे. हातोड्याचे ठोके मात्र घरभर ऐकू यायचे, आणि मी नकळत त्यांच्या तालावर वाजवायला लागायचे. ते ठोके थांबले की मीही थांबायचे.

शोच्या दिवशी सकाळी टेम्पो दारात उभा राहिला तेव्हा बाबांनी बॉक्स बाहेर आणला. होडीला देतात तोच काळा तेलरंग त्याला दिला होता. स्पीकर बसवलेला, जाळी लावलेली, उचलायला दोन बाजूंना दोराचे कान. आईने नवीन होडी पाण्यात सोडताना करतात तसं त्याला हळदकुंकू लावलं आणि नारळ वाढवला. शेजारपाजारचे बघायला आले होते. मी खाली वाकून कोपऱ्यात बघितलं. छोटं गोल नव्हतं. सगळी फळी सपाट, काळी, गुळगुळीत. मी हात फिरवून बघितला. भोक नव्हतंच.

"बाबा, भोक कुठाय?"

"बेस बंद केलाय. वारा पन जानार नाय," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा आनंदाने उजळलेला होता.

आणि मी सुटले. सगळ्यांसमोर. कागदावर स्पष्ट काढलं होतं, तुला दिसलं नाही का. ही होडी नाही, पाणी शिरायची भीती नाही. तुला सगळ्याची होडीच दिसते. तुला यातलं काही कळत नाही तर विचारायचं तरी होतंस. आणखीही काही बोलले असेन. बाबांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. मग त्यांनी बॉक्स टेम्पोत चढवला, स्वतः मागे बॉक्सजवळ बसले आणि उरण येईपर्यंत खाडीकडे बघत राहिले. मी पुढे बसले. आई नारळाचा तुकडा घेऊन दारात तशीच उभी होती. आज हे लिहिताना मला माझाच राग येतोय, पण लपवून काय उपयोग. ती मुलगी तशी होती.

उरणच्या पटांगणावर दुपारचा वारा सुटला होता. एका टोकाला स्टेज, समोर खुर्च्या, आणि पार तिकडे शेवटच्या रांगेमागे शाळेची दगडी कुंपणभिंत. मधे सगळं मोकळं. चाचा मदतीला आमच्याआधीच येऊन स्टेजच्या वायरी जोडत होते. मी त्यांना रडवेल्या आवाजात म्हणाले, "चाचा, बाबांनी भोकच ठेवलं नाही." चाचा काही म्हणायच्या आत मागून बाबा म्हणाले, "हाय."

मी वळले.

"भोक हाय. कागदावर व्हता तवराच कापलाय. वर बूच मारलाय." त्यांनी खिशातून पक्कड काढली, खाली बसले, आणि फळीशी सपाट बसवलेली, काळ्या रंगात लपलेली पितळी कडी धरून ओढली. मुठीएवढं एक लाकडी बूच बाहेर आलं, निमुळतं, कडेला सूत गुंडाळलेलं, आणि त्याच्या जागी हुबेहूब नकाशातलं छोटं गोल. "होरीला पन भोक असतंय, निमे. किनाऱ्याला लागली का आतला पानी काढाया. दर्यात जाताना बूच मारायचा. मना वाटला, हा बॉक्स पन कवा उघरा लागंल, कवा बंद. तू ठरव."

"मग सकाळी सांगायचंस ना!"

"तू मना बोलू दिलास कुटं?"

चाचा इतके हसले की त्यांच्या हातातली वायर सुटली. मला हसू येत नव्हतं. मला कुठेतरी तोंड लपवावंसं वाटत होतं, पण वेळ नव्हता आणि पटांगणात लपायला जागाही नव्हती.

बेस वाजवणाऱ्याची एक मोठी अडचण असते. आपला आवाज लांब कसा पोचतो ते आपल्याला कधीच कळत नाही, कारण आपण स्टेजवर असतो. म्हणून मी गिटार बाबांच्या गळ्यात अडकवली. कुणी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं कोण जाणे, पण बाबा ती गळ्यात घालून ताठ उभे राहिले. मी त्यांना जाड तार दाखवली आणि म्हणाले, "ही अंगठ्याने ओढत राहा. सूत ठासायचास त्या तालाने." आणि मी मागे पळत सुटले, पार दगडी भिंतीपर्यंत. आधी बूच काढलेलं. आवाज आला, मोठा आला, पण सैल, भोंगळ, एका ठोक्याचं शेपूट दुसऱ्यात अडकलेलं. वाऱ्याची झुळूक आली की तो कुठे जायचा कळत नव्हतं. मी हात वर केला. बाबांनी खाली वाकून बूच मारलं, मुठीने दोनदा ठोकलं, आणि पुन्हा तार ओढली.

धम्म.

आवाज आधीपेक्षा लहान होता. पण अख्खा होता. सुटा, घट्ट, एकेक ठोका वेगळा, आणि तो माझ्या पोटात येऊन लागला. मी डोळे मिटले आणि मला तेलाचा वास आला. मी तिथेच भिंतीला टेकून जोरात रडले, आणि मग डोळे पुसून पळत स्टेजकडे आले आणि म्हणाले, "बूच राहू दे." चाचा डोकं खाजवत होते. "नकशा माझाच चुकला," ते म्हणाले. "भोक मी अंदाजाने काढलं. ह्या स्पीकरला ह्या मापाचं भोक चालत नाय, खालच्या तारेला तो नुसता फडफडतो. बंद पेटीत हवा त्याला धरून ठेवते." बाबांनी फक्त मान हलवली. त्यांना ते नवीन नव्हतं.

संध्याकाळी पटांगण भरलं. गावातल्या म्हाताऱ्या बाया मागच्या रांगेत, भिंतीला पाठ लावून बसल्या, कारण त्यांना लवकर उठून जायचं होतं. बाबा आणि चाचा त्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिले. पहिला अर्धा भाग घाडगेसरांचा डावा हात वाजला. मी विंगेत उभी राहून मागच्या रांगेकडे बघत होते. गाणी छान होत होती, लोक टाळ्या देत होते, पण मागच्या बाया आपापसांत बोलत होत्या. एक पान लावत होती. मध्यंतरानंतर सरांनी माइकवर माझं नाव घेतलं. पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "ही गानार का?" मी खरवडलेली गिटार अडकवली, अँपचं बटण फिरवलं. पहिलंच गाणं कोळी ठेक्याचं होतं. ढोलकी सुरू झाली, मी चार मात्रा थांबले, आणि जाड तार सोडली.

पुढच्या रांगेतल्या त्या ओरडणाऱ्या माणसाकडे मी बघत नव्हते. मी भिंतीकडे बघत होते. तिथे पान लावणाऱ्या म्हातारीचा हात थांबला. तिने मान वर केली. मग ती बाजूच्या बाईच्या मांडीवर हात मारून ताल धरायला लागली. दुसऱ्या कडव्याला ती उभी राहिली, कमरेला पदर खोचला, आणि नाचायला लागली. तिच्याबरोबर सगळी रांग उठली. मागून लाट यावी तसं पटांगण मागून पुढे उठत आलं. पुढे बसलेल्यांनी वळून बघितलं, की मागे काय चाललंय, आणि मग तेही उठले. मी घाडगेसरांकडे बघितलं. त्यांनी डावा हात पट्ट्यांवरून उचलला होता. तो कुठे ठेवावा ते त्यांना क्षणभर सुचेना. मग त्यांनी तो सरळ पँटच्या खिशात घातला, माझ्याकडे बघून मनापासून हसले, आणि उरलेला अख्खा शो एका हाताने वाजवला. आयुष्यात मला पुढे कौतुकाचे हार मिळाले, शाली मिळाल्या, कपाटात आहेत. त्या खिशातल्या हाताची सर एकालाही नाही.

मी पुढे अठ्ठावीस वर्षं वाजवलं. बेस बदलल्या, अँप बदलले, हलके झाले, आता तर एका हातात मावतात. बॉक्स तोच आहे. आतला स्पीकर दोनदा बदलला, पण बूच बाबांनी त्या दुपारी दोन मुठी मारून बसवलं ते बसवलं. बाबा गेल्यावर मी एकदा बोट मुडपून बॉक्सच्या सगळ्या फळ्या वाजवून बघितल्या. आवाज कुठेही बदलत नाही.

शो संपल्यावर मी स्टेजवरून उडी मारून मागे धावले होते, बाबांना सकाळचं सगळं बोलणं माफ कर म्हणायला. बाबा भिंतीला तळहात लावून उभे होते, जणू माझा आवाज अजून त्या दगडात होता. मी म्हणाले, "बाबा, सकाळी मी..." ते म्हणाले, "भिंतीला हात लाव, अजून गरम हाय." तेवढ्यावर त्यांनी ते संपवलं. पण परत जाताना वायरी गुंडाळत मुश्ताकचाचा मला हळूच म्हणाले, की मी वाजवत असताना बाजूच्या एका माणसाने बाबांना विचारलं होतं, ती पोर वाजवते ती कसली गिटार आहे. बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं होतं आणि सांगितलं होतं, "माजी पोर हाय. बेस गितार हाय ती. बाकीच्या सगल्या वायट असतान."